बंगारो म्हणजे बांगडी नव्हे

पुण्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: 'प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी चेतापेशींवर बंगारोटॉक्सिन, म्हणजे मण्यार सापाच्या विषातला एक घटक, कुठे चिकटतं, यावर मराठीत टिपण लिहायचंय. रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी रसायन येऊन चिकटतं तिला, ग्राहक म्हणू की ग्राही? आणि आमचे सर सांगतात, बंगारो म्हणजे बांगडी. खरं का?'

ग्राही लिहा. ग्राहकाचं गिऱ्हाईक होऊन ते केव्हाच लक्ष्मी रोडला खरेदीला गेलं. आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या 'सेल कल्चर'चं भाषांतर 'पेशींची संस्कृती' कराल तर टिपण न वाचता परत करीन. संवर्धित पेशी म्हणा.

आता बांगडी. ही थाप ऐकून कान किटले. मण्याराच्या अंगावर कडी दिसतात, म्हणे, म्हणून बंगारो! मग बांगडा माशाच्या अंगावरही कडी शोधा.

पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने १७९६ साली कोरोमंडल किनाऱ्याकडच्या सापांवर ग्रंथ काढला. तिथल्या लोकांच्या तोंडची नावं त्याने टिपली, त्यातलं एक 'बंगारुम पामा'. तेलुगूत बंगारू म्हणजे सोनं, पामु म्हणजे साप. साप कोणता? पट्टेरी मण्यार, काळ्या अंगावर पिवळेधमक पट्टे असलेला. तेलुगू माणसाला त्यात सोनं दिसलं आणि तुमच्या सरांना बांगडी! १८०३ मध्ये दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तेच नाव लॅटिन थाटात 'बंगारस' करून प्रजातीला दिलं. गंमत अशी, की चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी १९६३ साली तैवानमध्ये अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं ते ज्या मण्याराच्या विषातून, त्याचे पट्टे पांढरे. सोन्याचा कण नाही, नाव मात्र सोन्याचं.

हे विष अॅसिटिलकोलीन या चेतांचा निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या 'निकोटिनिक' नावाच्या ग्राहींना असं घट्ट धरतं, की सहजी सुटत नाही. म्हणून तर त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडून ग्राही मोजता येतात. स्नायूंवरचे ग्राही ते धरतंच. चेतापेशींवर त्याची मुख्य पकड अल्फा-७ जातीच्या ग्राहींवर. टिपणात 'विषबंधन' लिहू नका, मांत्रिक आल्यासारखं वाटतं. 'विष ग्राहीला जखडतं' म्हणा.

बांगडी हवीच असेल, तर ती 'मण्यार' या शब्दात शोधा. संस्कृत मणिकार, त्याचा मणियार, म्हणजे मणी-बांगड्या विकणारा. हातावर बांगड्यांची चळत चढवून दारोदार फिरणारा तो माणूस आणि अंगभर कडी ल्यालेला हा साप. नाव तिथूनच आलं असावं, असा माझा लाडका अंदाज. कोशकार मान्य करोत वा न करोत. सरांना कळवा, बांगडी बरोबर होती, साप चुकीच्या भाषेत पकडला.