चौथीच्या टेस्टमध्ये गणितात 7.2 आलं, म्हणजे मुलगी सातवीच्या पातळीवर आहे का?

नाही. गणिताचं पुस्तक लगेच बदलू नका, आणि स्पेलिंगचा आकडा बघून घाबरूनही जाऊ नका.

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात राहता, मुलगी घरीच शिकते, चौथीचं वर्ष आत्ताच संपलंय. आयोवा टेस्ट (इयत्तेनुसार देशभर घेतली जाणारी चाचणी) दिली, त्यात गणितात पर्सेंटाइल 88 आणि ग्रेड इक्विव्हॅलंट, म्हणजे इयत्ता आणि महिन्यात सांगितलेला स्कोअर, 7.2 आलं, स्पेलिंगमध्ये मात्र पर्सेंटाइल 34. तिला थेट सातवीचं गणित द्यावं का, स्पेलिंगमध्ये ती नापास झाली का, आणि हा निकाल स्कूल डिव्हिजनला (तुमच्या भागातल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाला) पाठवला तर अडचण येईल का, हे तुम्हाला हवंय. मी माझ्या मुलांना घरीच शिकवते आणि ओळखीच्या होमस्कूल कुटुंबांतल्या मुलांची ही टेस्ट घेते. रिपोर्ट हातात पडल्यावर आईबाबा पहिल्यांदा ज्या आकड्याकडे बघतात, तो बहुतेक वेळा हा 7.2 च असतो.

तो येतो कसा ते बघा. तुमच्या मुलीने चौथीच्या मुलांसाठीचा पेपर सोडवला. त्यात सातवीचे अपूर्णांक नव्हते, ऋण संख्या नव्हत्या, समीकरणं नव्हती. हाच चौथीचा पेपर सातवीच्या दुसऱ्या महिन्यातल्या मधल्या मुलाला दिला, तर त्याला जेवढे गुण पडतील असा अंदाज आहे, साधारण तेवढे तिला पडले. बस, एवढाच त्याचा अर्थ. चौथीचं गणित तिचं पक्कं आहे, आणि ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. पण सातवीचं गणित तिला येतं की नाही, हे त्या पेपरने तिला विचारलेलंच नाही.

ते जाणून घ्यायचं असेल तर वरचा पेपर द्यावा लागतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी 1970 च्या दशकात हेच केलं. गणितात चमकणारी सातवी-आठवीतली मुलं निवडायला त्यांनी कॉलेजप्रवेशासाठीची एसएटी परीक्षा वापरली, कारण वयाच्या पेपरात सगळीच हुशार मुलं वरच्या टोकाला गर्दी करतात आणि त्यांच्यातला फरक कळत नाही. तुम्हाला एवढं मोठं काही करायची गरज नाही. तुम्ही जे पुस्तक वापरता त्याच्याच पाचवीच्या भागाची शेवटची चाचणी तिला द्या. ती सहज सुटली तर सहावीची द्या. जिथे ती अडखळायला लागेल तिथून शिकवायला सुरुवात करा. किंवा पुढच्या खेपेला मॅप ग्रोथसारखी कॉम्प्युटरवरची टेस्ट घ्या. तिच्यात उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड होत जातो, इयत्तेच्या वरही जातो.

आता स्पेलिंग. आपण 35 ला पास या हिशोबात वाढलो, त्यामुळे 34 दिसलं की मनात आपोआप लाल शाई उमटते. पण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. देशभरातल्या त्याच इयत्तेच्या मुलांचा एक नमुना घेऊन ही टेस्ट बसवलेली असते. त्यातल्या 100 पैकी साधारण 34 मुलांच्या ती बरोबरीने किंवा पुढे आहे. 50 म्हणजे बरोबर मधलं मूल. 34 म्हणजे मध्याच्या थोडं खाली, पण गर्दीतच. आणि मध्यावर मुलं इतकी दाटीने असतात की एकदोन प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी पर्सेंटाइल पाचसात अंकांनी सहज हलतो. काही रिपोर्टांवर आकड्याभोवती एक आडवी पट्टी छापलेली असते, ती बघा. खरा स्कोअर त्या पट्टीत कुठेतरी आहे, एवढंच टेस्ट सांगू शकते.

शिवाय आयोवाच्या स्पेलिंगचा प्रश्न कसा असतो ते तिच्याकडून समजून घ्या. तिथे मुलाला शब्द लिहायचा नसतो. शब्द छापलेले असतात, त्यातला चुकलेला ओळखायचा, आणि चूक नसेल तर ‘नो मिस्टेक्स’ निवडायचं. हे प्रूफ तपासण्याचं काम झालं. घरी शिकणाऱ्या कितीतरी मुलांनी असं कधी केलेलंच नसतं, ती आयुष्यभर श्रुतलेखन करत आलेली असतात. काही मुलं ‘नो मिस्टेक्स’ला हातच लावत नाहीत, त्यांना वाटतं चूक असणारच, मग बरोबर शब्दावर खूण करून मोकळी होतात. वेळेचं बंधन असतं, उत्तरपत्रिकेवरचे गोळे भरताना एक ओळ सरकली की पुढचं सगळं चुकतं. म्हणून आधी तिला चौथीच्या यादीतले शब्द तोंडी सांगा आणि लिहून घ्या. लिहिताना बरोबर येत असतील तर अडचण पेपरच्या पद्धतीची आहे, आणि थोड्या सरावाने ती जाते. लिहितानाही चुकत असतील तर कुठे चुकतात ते बघा: दुहेरी व्यंजनं, न उच्चारली जाणारी अक्षरं, की ऐकलेला आवाजच अक्षरात उतरत नाही. शेवटचं असेल आणि वाचनातही जड जात असेल, तर थांबू नका, डिस्लेक्सियाची नीट तपासणी करून घ्या.

पाठवण्याबद्दल निर्धास्त राहा. तुमच्या राज्यात 1 ऑगस्टपर्यंत प्रगतीचा पुरावा सुपरिंटेंडेंटकडे (स्कूल डिव्हिजनच्या प्रमुखाकडे) द्यायचा असतो. टेस्टचा मार्ग निवडला तर एकत्रित स्कोअर, म्हणजे सगळ्या विषयांचा मिळून, चौथ्या स्टनाइनमध्ये किंवा वर हवा. स्टनाइन म्हणजे खालून वर मोजलेल्या नऊ पट्ट्यांपैकी एक. चौथा स्टनाइन पर्सेंटाइल 23 पासून सुरू होतो. म्हणजे एकट्या स्पेलिंगचा 34 सुद्धा त्यात बसतो, आणि बघितला जातो तो एकत्रित आकडा. प्रत्येक उपविषयाचा तक्ता जोडण्याची कायद्याला गरज नाही, एकत्रित स्कोअर दिसेल तेवढं पुरे. पुढे दुसऱ्या राज्यात बदली झाली तर मात्र नियम नव्याने वाचा. न्यूयॉर्कला एकत्रित स्कोअर 33 पर्सेंटाइलच्या वर लागतो, किंवा मागच्या टेस्टपेक्षा एका वर्षाची वाढ दाखवावी लागते. नॉर्थ कॅरोलायनात दरवर्षी टेस्ट घ्यावी लागते पण निकाल घरीच ठेवायचा, जॉर्जियात तिसरीच्या शेवटापासून दर तीन वर्षांनी. टेक्सासला टेस्टची सक्तीच नाही.

तुम्ही शेवटी एक वाक्य लिहिलंय की तुमच्या ग्रुपमध्ये ‘सगळ्यांच्या मुलांना 80 च्या वर येतं’. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण ज्यांना 40 आले ते ग्रुपवर लिहीत नाहीत. हाच घोटाळा मोठ्या आकड्यांतही होतो. 1999 मध्ये लॉरेन्स रडनर यांनी होमस्कूलमधल्या 20,000 हून जास्त मुलांचे निकाल मांडले, ते राष्ट्रीय सरासरीच्या बरेच वर होते, आणि तेव्हापासून ते सगळीकडे सांगितले जातात. पण ती मुलं एकाच विद्यापीठाच्या टेस्टिंग सेवेतून आलेल्या, स्वतःहून तयार झालेल्या कुटुंबांची होती. होमस्कूलिंग शाळेपेक्षा सरस आहे असं यातून सिद्ध होत नाही, हे रडनर यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तुमच्या मुलीची त्या आकड्यांशी तुलना करू नका. तिच्याशी काही बोलायचंच असेल तर गणिताबद्दल शाबासकी द्या, आकडा न सांगता.

पुढच्या वर्षी टेस्ट बदलू नका. हीच टेस्ट, याच सुमाराला, एक इयत्ता वरची. होमस्कूलवाल्यांत कॅलिफोर्निया टेस्ट नावाच्या दुसऱ्या चाचणीची 1970 ची आवृत्ती स्वस्त आणि सोपी म्हणून अजून चालते, पण तिच्यात मूल त्या काळच्या मुलांशी ताडलं जातं आणि यंदाच्या आकड्यांशी तुमचा मेळ बसणार नाही. आणि पुढच्या वर्षी स्पेलिंगला पुन्हा 34 च आले तर ‘काहीच सुधारणा नाही’ असं म्हणू नका. बाकीची मुलंही वर्षभर पुढे गेलेली असतात. तिने जागा राखली म्हणजे तीही त्यांच्याइतकीच पुढे गेली. किती पुढे, ते पर्सेंटाइलच्या शेजारच्या स्टँडर्ड स्कोअरच्या रकान्यात दिसेल; तो सगळ्या इयत्तांसाठी एकाच मोजपट्टीवर असतो, म्हणून वर्षागणिक वाढतो.