सभा लांबली, शब्द सापडेना

प्रश्न : आमच्या सोसायटीची सभा साडेचार तास चालली. इंग्रजी इतिवृत्तात नुसतं 'लाँग' लिहिलं, पण वैताग काही उतरला नाही. नेमका शब्द कोणता? – एक सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर : वैताग इतिवृत्तात उतरूच नये, हे आधी सांगते! 'लेंग्थी' लिहा, कंटाळा कळतो, कुणी दुखावत नाही. वाद ताणला गेला असेल तर 'प्रोट्रॅक्टेड'. त्यात 'ओढणे' अर्थाचा लॅटिन धातू आहे, तोच ट्रॅक्टरमध्येही. 'इंटरमिनेबल' म्हणजे संपता न संपणारं; तो घरी चहा पिताना वापरा. आणि पार्किंगवर तासभर बोलणारे काका? ते 'लाँग-विंडेड'. हा शब्द माणसाला किंवा भाषणाला लावतात, दुखण्याला नाही. माझ्या सासूबाईंचा खोकला तीन आठवडे रेंगाळला, तो 'लिंगरिंग'.