आधी सवलतीचं कलम वाच

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पर्यावरणाच्या क्षेत्रातच काम करायचं पक्कं केलंस, मनापासून आनंद झाला. पण त्याच पत्रात तू लिहितेस की तेलाचे भाव, ओपेक या तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेच्या बैठका, राखीव साठे हा सगळा व्यापाऱ्यांचा आणि अर्थतज्ज्ञांचा प्रांत आहे, मला त्यात पडायचं नाही. ते वाचून राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

ही दोन क्षेत्रं वेगळी मानू नकोस. एखाद्या देशाचा जो निर्णय तेलाचा भाव हलवतो, तोच निर्णय किती धूर निघणार हेही ठरवतो. आणि तो निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच नसतं. असते ती आपली तिजोरी, आपले मतदार आणि शेजाऱ्याशी चाललेलं भांडण.

जगात रोज साधारण १० कोटी बॅरल तेल लागतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, आणि ते जाळलं की ढोबळमानाने ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देश अनेक असले तरी बाजार एकच. सामाईक विहिरीवर एकाने उपसा कमी-जास्त केला की पाण्याची पातळी सगळ्यांसाठीच बदलते, तसं हे आहे. त्यात भाव चढला म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी गाडी बदलत नाही, कारखाना हलवत नाही. मागणी लगेच आटत नाही, म्हणून पुरवठ्यात एक-दोन टक्क्यांची तूट पडली तरी भाव त्याच्या कितीतरी पट उसळतो. इथेच एकट्या देशाच्या धोरणाला एवढं वजन येतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण टेक्सासचं आहे. १९३० च्या सुमारास पूर्व टेक्सासमध्ये इतकं तेल लागलं की बॅरलचा भाव काही सेंटांवर घसरला. तेव्हा टेक्सास रेलरोड कमिशन या राज्याच्या संस्थेने विहिरींना कोटा ठरवून द्यायला सुरुवात केली. पुढे मागणी कमी असली की महिन्यातले मोजकेच दिवस विहिरी चालवायची मुभा मिळे. म्हणजे गरज पडली तर उघडता येईल अशी क्षमता अमेरिकेकडे कायम पडून असे. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखून पाहिलं, त्याचा फारसा परिणाम झाला नाही, त्याचं एक मोठं कारण ही क्षमता. १९६० मध्ये बगदादला ओपेक स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी एक, व्हेनेझुएलाचे हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्सो, यांच्यासमोर याच कमिशनचा नमुना होता.

मग १९७२ चा मार्च उजाडला आणि कमिशनने परवानगी शंभर टक्क्यांवर नेली. विहिरी आता महिन्याचे सगळे दिवस चालवता येणार होत्या. वरवर पाहता उत्पादकांच्या फायद्याची बातमी, पण तिचा अर्थ असा होता की राखून ठेवलेलं आता काही उरलेलं नाही. जेमतेम दीड वर्षाने, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी पुन्हा तेल रोखलं आणि जानेवारी १९७४ पर्यंत भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. इतिहासाच्या पुस्तकांत ऑक्टोबर १९७३ ठळक अक्षरांत छापलेला असतो. माझ्या मते त्यापेक्षा मार्च १९७२ अधिक अभ्यासण्यासारखा आहे.

पुढे जे घडलं त्यात तुझा विषय आला. १९७४ मध्ये आयात करणाऱ्या श्रीमंत देशांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभारली आणि प्रत्येक सदस्याने सुरुवातीला ६० आणि पुढे ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवायचा असं ठरलं. १९७५ मध्ये अमेरिकेने एकाच कायद्यात तीन गोष्टी बसवल्या: सरकारी राखीव साठा, कच्च्या तेलाच्या निर्यातीवर बंदी आणि नव्या मोटारींसाठी इंधनक्षमतेचे नियम. निर्यातबंदी २०१५ पर्यंत टिकली. चर्चा व्हायची ती साठ्याची आणि बंदीची. इंधनक्षमतेचा नियम मात्र गाजावाजा न होता काम करत राहिला. दहा वर्षांत नव्या मोटारींची सरासरी इंधनक्षमता दुप्पट करायची, असं ते उद्दिष्ट होतं. महाग तेल, असे नियम आणि तेलावरची वीजकेंद्रं बंद होणं, या सगळ्यांमुळे अमेरिकेतला तेलाचा खप १९७८ ते १९८३ या काळात दिवसाला जवळपास १ कोटी ९० लाख बॅरलवरून दीड कोटीच्या आसपास उतरला.

याचा फटका कुठे बसला पाहा. भाव टिकवण्यासाठी सौदी अरेबिया आपलं उत्पादन कापत गेला. १९८० च्या सुमाराला दिवसाला सुमारे १ कोटी बॅरल काढणारा हा देश १९८५ च्या उन्हाळ्यात त्याच्या पाव हिश्श्यावर आला. शेवटी त्याने हात टेकले, बाजारातला आपला वाटा परत मिळवायचं ठरवलं, आणि १९८६ मध्ये भाव १० डॉलरपर्यंत कोसळला. एकीकडच्या मोटारींच्या नियमाने दुसरीकडच्या राज्याचा अर्थसंकल्प हलवला.

पण यातून ‘महाग तेल पर्यावरणाला चांगलं’ असा सोपा निष्कर्ष काढू नकोस. तेल महागलं म्हणून कितीतरी वीजकेंद्रं कोळशावर गेली. त्याच भावामुळे अलास्का आणि उत्तर समुद्रातलं तेल काढणं परवडू लागलं. उलट १९८६ नंतर स्वस्ताई आली, तेव्हा अमेरिकेत इंधनक्षमता वाढवायची निकडच संपली. शिवाय १९७५ च्या त्या कायद्यात एक फट होती. हलक्या ट्रकांसाठी नियम वेगळे आणि सैल ठेवलेले होते, का तर ती शेतकऱ्याची, कंत्राटदाराची कामाची गाडी. पुढे घरातल्या वापराच्या उंच, अवजड गाड्या याच वर्गात मोडू लागल्या आणि २००० नंतर बाजाराचा जवळजवळ निम्मा भाग या वर्गाने व्यापला. नियम कागदावर जसाच्या तसा होता, फक्त गाड्या त्याच्या बाहेर निघून गेल्या.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं: कोणताही ऊर्जाकायदा हातात आला की उद्देशिका नंतर वाच. आधी सवलतीचं कलम वाच, मग दंडाचं. उद्दिष्ट काय आहे ते मंत्री भाषणात सांगतातच. प्रत्यक्षात काय होणार, ते या दोन कलमांत असतं.

वायू जाळण्याचा प्रश्न घे. विहिरीतून तेल वर येतं तेव्हा त्याच्यासोबत वायू आणि पाणीही येतं. सेपरेटरमध्ये तिन्ही वेगळी होतात. तेल टाकीत जातं, त्याला गिऱ्हाईक आहे. वायूसाठी पाइपलाइन असेल तर तो विकता येतो, कॉम्प्रेसर असेल तर पुन्हा खडकात दाबता येतो. दोन्ही नसेल तर उंच नळीच्या तोंडाशी पेटवून देतात. ज्योत नीट जळत असेल तर कार्बन डायऑक्साइड निघतो. वाऱ्याने ती विझली किंवा अर्धवट जळली तर सरळ मिथेन सुटतो, जो २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट उष्णता धरून ठेवतो. काजळी आसपासच्या वस्तीवर बसते ती वेगळीच. जगभरात असा वर्षाला सुमारे १५० अब्ज घनमीटर वायू जाळला जातो. संपूर्ण आफ्रिका खंड वर्षभरात वापरतो त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे.

आता दोन देश शेजारी ठेवून बघ. नॉर्वेने सत्तरच्या दशकात उत्पादन सुरू झालं तेव्हापासूनच सुरक्षिततेचं कारण सोडता वायू जाळायला मनाई केली, आणि १९९१ पासून समुद्रातल्या तेलउद्योगावर कार्बन कर लावला. कर भरण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड पुरणं परवडलं, म्हणून १९९६ पासून स्लाइप्नर क्षेत्रात तो समुद्रतळाखाली सोडला जाऊ लागला. नायजेरियानेही १९७९ मध्ये कायदा केला होता. १ जानेवारी १९८४ नंतर मंत्र्यांच्या परवानगीशिवाय वायू जाळायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण परवानग्या मिळत गेल्या, आणि दंड इतका किरकोळ राहिला की वायू गोळा करण्यापेक्षा तो भरून टाकणं सोपं पडे. नायजरच्या त्रिभुज प्रदेशातल्या लोकांनी त्या ज्योतींच्या उजेडात अख्ख्या पिढ्या काढल्या. याचा मला अजून संताप येतो, आणि तुलाही यावा असं वाटतं.

हा फक्त गरीब देशांचा प्रश्न समजू नकोस. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात शेल या घट्ट खडकामधलं तेल निघू लागलं, भाव १०० डॉलरच्या घरात होता, आणि विहिरी इतक्या झपाट्याने खोदल्या गेल्या की पाइपलाइन मागेच राहिली. काही वर्षं निघालेल्या वायूपैकी जवळजवळ एक तृतीयांश जाळला जात होता. २०१४ मध्ये राज्याने वायू पकडण्याची टप्प्याटप्प्याची उद्दिष्टं घालून दिली, मग ते प्रमाण खाली आलं. तू ज्याला व्यापाऱ्यांचा प्रांत म्हणतेस तो भाव, आणि तुझी हवा, यांच्यात इतकंच अंतर आहे.

देशांतर्गत दरांचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण त्यावर तुला वाचायला पुष्कळ मिळेल. तेल विकणारे बरेच देश आपल्या नागरिकांना इंधन जागतिक भावाच्या खाली देतात. सौदी अरेबियात उन्हाळ्यात वातानुकूलनाच्या विजेसाठी कच्चं तेलच जाळलं जातं. घरी जळलेला प्रत्येक बॅरल निर्यातीतून वजा होतो, आणि त्याची झळ बाहेरच्या ग्राहकाला लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगभरात जीवाश्म इंधनांच्या वापरावरचं अनुदान १ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं. ते काढून टाका असं म्हणणं सोपं आहे. इक्वेडोरने ऑक्टोबर २०१९ मध्ये ते एका फटक्यात काढलं, देश रस्त्यावर उतरला, आणि दोन आठवड्यांच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला. इराणने २०१० मध्ये दर वाढवताना लोकांच्या खात्यांत रोख रक्कम जमा केली. पुढे महागाईने त्या रकमेची किंमत खाल्ली, तरी क्रम बरोबर होता असं मला वाटतं. गरिबाच्या हातात आधी काही ठेवल्याशिवाय त्याचं इंधन महाग करू नये.

निर्बंधांचंही असंच. डिसेंबर २०२२ मध्ये रशियाच्या समुद्रमार्गे जाणाऱ्या तेलावर ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली. तेल वाहत राहावं पण पैसा कमी मिळावा, हा विचार. तेल वाहत राहिलं खरं, पण युरोपऐवजी लांबच्या आशियाई बंदरांकडे, आणि त्यातलं बरंचसं जुन्या टँकरांतून, ज्यांची मालकी आणि विमा दोन्ही धूसर. गळती झाली तर भरपाई कुणाकडून घ्यायची, याचं उत्तर किनाऱ्यावरच्या देशांकडे नाही. भावासाठी केलेला नियम समुद्राच्या अंगावर आला.

तू पत्राच्या शेवटी विचारलंस, ‘एखाद्या छोट्या देशाने तेल जमिनीतच ठेवलं तर काय फरक पडतो?’ इक्वेडोरच्या यासुनी जंगलाचं उदाहरण तुला माहीत असेल. २००७ मध्ये त्या सरकारने जगाला सांगितलं की तेलाच्या किमतीचा निम्मा भाग तुम्ही द्या, आम्ही खोदत नाही. पुरेसे पैसे आले नाहीत, २०१३ मध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला आणि पुढे विहिरी सुरू झाल्या. ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात मात्र सुमारे ५९ टक्के मतदारांनी खोदाई थांबवा असं सांगितलं. त्या तेलाने जगाचा भाव हलत नाही, हे खरं. त्यातला काही भाग दुसरा देश भरूनही काढेल. पण बाजारात एका तेलाची जागा दुसरं तेल घेतं, तसं त्या जंगलाच्या बाबतीत होत नाही. म्हणून माझं उत्तर, फरक पडतो. फक्त तो नेमका कुठे पडतो हे सांगता आलं पाहिजे. हवामानावरचा परिणाम फुगवून सांगशील तर पहिल्याच चर्चेत कुणीतरी तुझा आकडा खोडेल, आणि जंगलाची बाजूही त्यासोबत पडेल.

आता कामाचं. ओपेकच्या बैठकीच्या बातम्या वाच, पण त्यांच्यामागे धावू नकोस. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे मे महिन्यात तेल ताब्यात घ्यायचा करार, उणे ३७ डॉलरच्याही खाली बंद झाला, कारण टाळेबंदीत मागणी आटली होती आणि ते तेल जिथे ताब्यात घ्यायचं त्या ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्यांत जागा मिळेनाशी झाली होती. सगळं जग त्या आकड्याकडे पाहत राहिलं, आणि काही महिन्यांत भाव सावरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेन्मार्कने उत्तर समुद्रात नवे परवाने देणं थांबवून २०५० पर्यंत उत्पादन बंद करायचं ठरवलं. ती बातमी किती जणांनी वाचली असेल? तू अशा निर्णयांचा माग काढ.

सुरुवात एकाच कायद्यापासून कर. नायजेरियाचा १९७९ चा कायदा मूळ मजकुरात मिळव आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या शेजारी लावून वाच. दंड कधी किती होता, तेव्हा तेलाचा भाव काय होता, परवानगी कोण देत होतं आणि जळालेला वायू मोजत कोण होतं, एवढं एका तक्त्यात मांड. मोजणी कंपनीची आणि उपग्रहाची वेगवेगळी निघाली तर दोन्ही लिही, सरासरी काढू नकोस. महिनाभरात जमेल तेवढं पाठव. अडलीस तर तक्ता अर्धा असतानाच लिही, आपण मिळून बघू.

तुझे,
सर