एमटीटी म्हणतं पेशी ठणठणीत, एटीपी म्हणतं निम्म्याच उरल्या. खरं कोणाचं मानू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: द्राक्षाच्या सालीचा अर्क हेपजी२ पेशींना (माणसाच्या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या) ४८ तास दिला. किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीचं रीडिंग कंट्रोलपेक्षाही, म्हणजे अर्क न दिलेल्या पेशींपेक्षाही, जास्त आलं; पेशीतला ऊर्जेचा रेणू एटीपी प्रकाशावरून मोजणाऱ्या ल्युमिनेसन्स किटमध्ये मात्र निम्म्यावर.

सध्या तरी दोन्हींवर विश्वास ठेवू नका. अर्क द्राक्षाचा आहे म्हणून सांगतोय.

एमटीटीत जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात. सालीतली पॉलिफेनॉल्स हेच काम पेशींशिवायही करतात. त्यामुळे कंट्रोलच्या वर आकडा गेला की आधी संशय अर्कावर घ्यायचा.

एटीपीची भानगड वेगळी. रिएजंट टाकलं की पेशी फुटतात, आतलं एटीपी बाहेर येतं आणि रिएजंटमधलं काजव्याचं लुसिफरेज हे एन्झाइम ते वापरून लुसिफेरिनपासून प्रकाश काढतं. मरणारी पेशी नवं एटीपी करत नाही, उरलंसुरलं तिचीच एन्झाइम्स संपवतात. म्हणून प्रकाश कमी तर जिवंत पेशी कमी, असा हिशेब. त्यात लुसिफरेज नीट चालतंय हे गृहीत धरलेलं असतं, आणि सालीतलं रेस्व्हेराट्रॉल नेमकं काजव्याच्या लुसिफरेजलाच अडवतं! शिवाय सालीचा लाल रंग. अँथोसायनिन ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, लुसिफरेजचा प्रकाश ५६०च्या आसपासचा. थोडाफार तिथेही गिळला जातो.

तेव्हा पुढची प्लेट अशी लावा. काही वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यांत) पेशी नकोतच: फक्त मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) आणि ठरावीक एटीपी, अर्ध्यांत अर्क, अर्ध्यांत नुसतं सॉल्व्हंट. १०० मायक्रोलिटरवर तेवढंच रिएजंट, दोन मिनिटं शेक, दहा मिनिटं थांबून रीडिंग. अर्काच्या वेलमध्ये प्रकाश कमी आला, तर तुमच्या ‘निम्म्या’मधला काही भाग पेशींचा नाहीच. एमटीटीलाही असाच पेशींविना कंट्रोल लावा, आणि एमटीटी घालण्याआधी अर्काचं मीडियम काढून पीबीएसने (क्षारांच्या बफरने) धुवा.

प्लेट पांढरी, अपारदर्शक घ्या. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड झिरपतो. इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या रिएजंट घालू नका, अर्धा तास टेबलावर राहू द्या. नाहीतर कडेचे आणि मधले वेल वेगळे बोलतात.

एवढं करूनही प्रकाश कमीच राहिला तर लगेच ‘विषारी’ लिहू नका. अर्क घालता त्याच वेळी आणखी एक प्लेट वाचून ठेवा, शून्य तासाची. ४८ तासांनंतरचं रीडिंग तिच्या वर असेल तर पेशी बहुधा वाढायच्या मंदावल्यात; खाली गेलं तर मात्र मरताहेत असं धरा, आणि मीडियममध्ये सांडलेलं एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजून खात्री करा. त्यालाही अर्काचा कंट्रोल लागेलच.

आणि रिएजंट घालण्याआधी प्लेट मायक्रोस्कोपखाली बघा हो. गोल होऊन तरंगणाऱ्या पेशी कुठल्याही किटशिवाय दिसतात.