आधी अर्ज, मग प्रदर्शन

प्रश्न: मी एकट्याने एक यंत्र तयार केले आहे. प्रदर्शनात मांडून उत्पादक शोधावा का? कल्पना चोरीला जाण्याची भीती वाटते.

उत्तर: चोरीपेक्षा तुमच्याच उत्साहाची भीती जास्त. पेटंटच्या अर्जाआधी रचना उघड झाली, तर बहुतेक देशांत नावीन्य संपते आणि पेटंट हातचे जाते. आधी एस्पासनेट किंवा पेटंटस्कोप या पेटंट शोधण्याच्या संकेतस्थळांवर, असे यंत्र आधीच कुणी केले आहे का, याचा शोध घ्या. दोन्ही मोफत आहेत. नुसत्या शब्दांनी भागत नाही. जवळचे एखादे पेटंट सापडले की त्याच्या वर्गीकरण क्रमांकाने (म्हणजे पेटंटवर दिलेल्या विषयाच्या क्रमांकाने) पुन्हा शोधा. त्यावरच्या अर्जदार कंपन्यांची नावेही उतरवून घ्या, संपर्कयादी आयती मिळते! पहिल्या अर्जानंतर परदेशी अर्जासाठी १२ महिने मिळतात. त्यातच उत्पादक गाठा. गोपनीयता करारावर मोठ्या कंपन्या सहसा सही करत नाहीत, तेव्हा पहिल्या भेटीत फायदा सांगा, रचना नको.