दुसऱ्याचा कोड तपासण्यात पुढे काही आहे का?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये मला लिनक्सवर हार्डवेअर डिव्हाइसचे पाथ (सिस्टममधले पत्ते) शोधणारा सी भाषेतला कोड तपासायला दिलाय. मैत्रिणी ॲप्स बनवतात आणि मी दुसऱ्यांच्या ओळी वाचत बसते. यात करिअर होईल का?

उत्तर : होईल. कंटाळा येतोय, कारण नेमकं काय शोधायचं हे तुला बहुधा कुणी सांगितलेलं नाही. सगळं सुरळीत चालतं ती वाट लिहिणाऱ्याने तपासलेलीच असते. डिव्हाइस सापडलंच नाही तर काय, किंवा सापडल्यावर उघडेपर्यंत बदललं तर काय, तिथे बघ.

रीडलिंक हे फंक्शन लिंक ज्याकडे बोट दाखवते तो पाथ बफरमध्ये (मेमरीतल्या राखीव जागेत) भरतं, पण शेवटी नल, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, लावत नाही. तो कोडने लावायचा आणि त्यासाठी एक बाइट राखून ठेवायचा. मजकूर जुळवून बफरमध्ये लिहिणारं एसएनप्रिंटएफ हे फंक्शन जागा कमी पडली की पाथ गुपचूप तोडतं. त्याने परत दिलेली संख्या बफरच्या आकाराएवढी किंवा जास्त असेल, तर तो पाथ टाकून द्यायचा, नाहीतर भलतंच डिव्हाइस हाती येऊ शकतं. 'एसडीए' हे डिस्कचं नाव कोडमध्ये थेट लिहिलेलं दिसलं तर थांब. रीबूटनंतर त्या नावाने दुसरीच डिस्क येऊ शकते. डिस्कच्या स्वतःच्या ओळखीवरून बनलेले 'बाय-आयडी'चे पाथ त्यासाठीच आहेत. आधी पाथ तपासून मग उघडणारा कोड मला तरी पटत नाही, कारण मधल्या वेळात डिव्हाइस बदलू शकतं. आधी उघडावं, मग मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर) एफस्टॅट, म्हणजे फाइलची माहिती देणारं फंक्शन, चालवून खात्री करावी. (सिरियल पोर्ट नुसता उघडला तरी पलीकडच्या यंत्राला सिग्नल जाऊ शकतो, एवढं ध्यानात ठेव.)

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, डिव्हाइस ट्रीचा (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या रचनेचा) नोड पाथवरून शोधला की त्याचा रेफरन्स काउंट, म्हणजे तो किती जण वापरताहेत याची मोजणी, वाढतो, आणि काम झाल्यावर तो नोड सोडावा लागतो. एरर आल्यावर मधूनच रिटर्न होतं, तिथे सोडायचं हमखास राहून जातं. नवशिक्या तपासनिसाला पहिली खरी चूक बहुतेकदा इथेच सापडते.

फर्मवेअर, स्टोरेज, एम्बेडेड या सगळ्या क्षेत्रांत ही नजर लागते. अडचण एवढीच, की ॲपसारखं दाखवायला हातात काही नसतं. त्यावर एक उपाय आहे. लिनक्स कर्नलमध्ये दुसऱ्याचा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) नीट तपासून तसं कळवलं आणि तो स्वीकारला गेला, की 'रिव्ह्यूड-बाय' अशी ओळ तुझ्या नावाने इतिहासात राहते. पण न समजलेल्या पॅचवर ती देऊ नकोस.

सोबत स्वतःचे छोटे पॅचही लिहीत राहा, कारण मुलाखतीत शेवटी कोड लिहायलाच सांगतात.