कोना शे रे तू?

माय,

(तुला मी 'माय' म्हटलं की तू हसतेस. आमच्या खानदेशात बाप लेकीला असंच म्हणतो, त्यात चेष्टा नसते.)

रविवारी इथल्या, अमेरिकेतल्या त्या डोंगरातल्या बंद पडलेल्या शाळेतलं म्युझियम बघून आपण परत येत होतो, तेव्हा तू मागून विचारलंस, "बाबा, तुमच्या गावात असं काही का नाही? तुम्हाला तुमचं गाव आवडायचं नाही का?" मी "आहे की, पुष्कळ आहे" असं काहीतरी पुटपुटलो आणि रस्त्याकडे बघत राहिलो. मला ते लागलंय हे तुझ्या आईच्या लगेच लक्षात आलं. तुझं काही चुकलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, इतकंच.

खरं म्हणजे म्युझियमात मी मनातल्या मनात नाक मुरडत होतो. मेपलचा रस गोळा करायच्या बादल्या, लोणी घुसळायचं पिंप, कुणाची तरी मोडकी आरी, आणि प्रत्येक वस्तूखाली सुबक अक्षरातली चिठ्ठी. एवढं जुनं सामान तर आमच्या माळ्यावर पडलेलं असायचं, असं मी बोलणारच होतो. मग 'असायचं' या शब्दाशीच अडखळलो.

आमच्या गावात म्युझियम नव्हतं, पार होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, मारुतीच्या देवळापुढे, निंबाभोवतीचा दगडी पार. गुरं बांधून झाली की म्हातारी माणसं तिथे येऊन बसत. मी दुकानातून गूळ घेऊन चाललो की हाक यायची, "कोना शे रे तू?" कुणाचा आहेस तू? माझं नाव त्यांना नकोच असायचं. माझ्या वडिलांचं, नानांचं नाव सांगितलं की सुरू व्हायचं. नानांचे वडील कसे होते, त्यांची कोणती बैलजोडी पोळ्याला पुढे असायची, कोणत्या दुष्काळात आमच्या विहिरीवर अख्खा गाव पाणी भरायचा. गूळ हातात वितळायचा. माझ्याखालची चिठ्ठी ते लोक रोज तोंडी लिहीत होते म्हण ना.

नानांचे वडील म्हणजे माझे मोठे बाबा. त्यांची फैजपूरची गोष्ट तुला माहीतच आहे. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष नेहरू. बांबूचं अख्खं नगर उभं केलं होतं. मोठे बाबा तेव्हा १४ वर्षांचे, बैलगाडीतून गेले होते. मी लहान असताना त्या गोष्टीत नेहरू लांबून दिसायचे. दोन उन्हाळ्यांनी ते गाडीजवळून गेले. मी कॉलेजला जाईपर्यंत नेहरूंनी आमच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला होता. पारावर कुणी टोकलं नाही, सगळ्यांना बैल आवडायचा. काचेच्या कपाटात हे चाललं नसतं.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तू पुढचं विचारशीलच, म्हणून मीच सांगतो. त्या पारावर तुझी आजी कधी बसली नाही. तिथून जाताना ती पदर पुढे ओढायची आणि चपला हातात घ्यायची. फुईची, म्हणजे आत्याची, जीभ सगळ्या घराला पुरून उरणारी, पण तिला बोलायला जागा कोणती? विहीर, घरोट म्हणजे जातं, आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका. आखाजीला पुरुष पारावर पत्ते कुटत आणि बायका झोक्यावर गाण्यांतून सासरचं सगळं काढत. वर्षातून तेवढंच. आणि डोंगरातून कापूस वेचायला उतरणारे पावरा आदिवासी लोक पाराखाली मातीत बसत. त्यांना 'कोना शे' असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात मात्र आम्ही त्यांच्याच ढोलामागे पळत असू. तिथे कोण कुणाचं हे त्यांना सगळं ठाऊक असायचं, आम्हालाच नसायचं.

इथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग, म्हणजे गावसभा, असते ना, त्या म्युझियमवाल्या आजी तिथे रस्त्याच्या खर्चावरून भांडतात म्हणे. हसत सांगत होत्या. मला फुई आठवली.

आमच्याकडे कुणी काही जपलंच नाही, असं मात्र म्हणू नकोस. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडून जुनी दप्तरं गोळा करत. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते गेले आणि लगेच १९२७ मध्ये लोकांनी त्यांच्या नावाने मंडळ काढलं. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथे नेलं होतं. मला आठवतात त्या डब्यातल्या दशम्या. जळगावला चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईच्या घरातल्या वस्तू! तिकडे मी गेलोच नाही. जळगाव म्हणजे आमच्यासाठी रेल्वे पकडायची जागा.

आणि आमच्या मोठ्या मायचं घरोट? धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकायचा ठरला, तेव्हा नानांनी इकडे फोन केला होता. माळ्यावरच्या सामानाचं काय करायचं? मी मीटिंगमध्ये होतो. "काढून टाका," म्हणालो. पितळेची भांडी मोडीत गेली. पाराला आता टाइल्स आहेत आणि निधी कुणाचा याची पाटी. म्हातारे एसटी स्टँडवरच्या टपरीत बसतात.

परवा व्हिडिओ कॉलवर फुईच्या मागच्या अंगणात, नळाजवळ, घरोटाची खालची तळी दिसली. उलटी पडलेली, वर पाण्याची बादली. दिवाळीत गेलो तर तुला दाखवीन. कंटाळा आला तर नको, आपण सातपुड्यातल्या पालला जाऊ, तिथे थंड असतं, तुला आवडेल. तेवढी तळी फेकू नको, असं फुईला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "फेकस कोन? मंग बादली कोठे ठेवू?"

तुझा,
बाबा